साहेबांची बदली आणि गावाची यादी

कोकणातल्या कुठल्याही नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली की गावाला ती टपरीवर कळते. नगरविकास विभागाचा आदेश निघतो, त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो फिरत फिरत येतो, दुपारपर्यंत ठेकेदारांना माहीत झालेलं असतं आणि संध्याकाळी रिक्षास्टँडवर चर्चा रंगते. दुसऱ्या दिवशी आम्ही वार्ताहर चार ओळींची बातमी लावतो. अमुक यांची तमुक ठिकाणी बदली, तूर्त पदभार शेजारच्या नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांकडे. मग सभागृहात निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ, दोन-चार भाषणं. बदल्यांचा हंगाम आणि आंब्याचा हंगाम एकच असल्यामुळे डिकीत हापूसची पेटी जाते. त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. माणूस आपल्यात राहून गेला, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

पण या सगळ्यात दोन गोष्टी गावाला कुणीच सांगत नाही. साहेब का गेले, आणि जाताना आमची कोणती कामं कुठल्या टप्प्यावर सोडून गेले. पहिली गोष्ट जमेल तेवढी सांगितली पाहिजे. दुसरी मात्र पूर्ण, लेखी आणि नोटीस बोर्डावर लावून सांगितली पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे.

मी तालुक्याच्या गावातून वर्तमानपत्राला बातम्या पाठवतो. नगरपरिषदेची सभा, टेंडरं, पाणीपट्टी, मोकाट गुरं हे माझं रोजचं. मुख्याधिकारी बदलले की आस्थापनेच्या टेबलावर मी कारण विचारतो आणि ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढंच उत्तर घेऊन परत येतो. कारण कळलं नाही की लोक स्वतःच कारण तयार करतात. कुणी म्हणतं, पैसे खाल्ले म्हणून हलवलं. कुणी म्हणतं, खाऊ दिले नाहीत म्हणून हलवलं. दोन्ही कहाण्या एकाच बाकावर बसून सांगितल्या जातात, आणि त्यांतली खरी कोणती हे ठरवायला गावाकडे एक कागद नसतो.

खरं तर कागद असतो. महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. तो आणि माहितीचा अधिकार, दोन्ही अण्णा हजारे यांच्या आंदोलनांतून रेटले गेले हे आता अनेकांच्या स्मरणातून गेलं असेल. या कायद्यानुसार अधिकाऱ्याला एका पदावर साधारण तीन वर्षं मिळाली पाहिजेत. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात व्हायच्या. मध्येच हलवायचं असेल तर कारणं लेखी नोंदवायची आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची आधी मान्यता घ्यायची. पुढे ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेत सनदी अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत द्यायला सांगितलं, आणि तोंडी आदेश अधिकाऱ्याने कागदावर नोंदवून ठेवावेत असंही बजावलं. म्हणजे मुख्याधिकारी वर्षभरात उठून गेला असेल तर त्यामागचं कारण मंत्रालयातल्या एखाद्या नस्तीत, म्हणजे फाइलीत, शाईने लिहिलेलं असलं पाहिजे. ज्या गावावर त्याचा परिणाम होतो त्या गावापर्यंत ते पोहोचवण्याचं बंधन मात्र कुणावर नाही.

परिणाम काय होतो ते आमच्या मासळी बाजारात दिसलं. जुनी शेड पाडून नवी इमारत उभी राहिली. काम सुरू होण्याआधी तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यांनी बसणाऱ्या बायकांना दालनात बोलावून घेतलं होतं. जुन्या जागेवर जिचा ओटा होता तिला नव्या इमारतीत आधी ओटा, असं ठरलं. नावांची यादी झाली, यादीवर साहेबांची सही झाली. मग त्यांची बदली झाली. अतिरिक्त कार्यभार घेतलेले साहेब आठवड्यातून दोनदा यायचे, तेही धनादेश आणि तातडीच्या सह्यांपुरते. त्यानंतर नियमित अधिकारी आले, त्यांनी नियम वाचून सांगितलं की ओट्यांचा लिलाव होणार. त्यांचंही काही चुकलं नव्हतं, कारण त्यांच्यासमोर यादीच नव्हती.

बायका कार्यालयात आल्या तेव्हा मी तिथेच होतो. सगळ्यात पुढे असलेली मावशी पहाटेपासून बंदरावर उभी राहून आली होती. टोपली बाहेर पायरीवर ठेवून ती आत शिरली आणि लिपिकाला म्हणाली, “सायबान आमच्यासमोर सय केलली. ती यादी खंय गेली? सायब गेलो म्हणजे सयपण गेली?” लिपिकाने तिला बसायला खुर्ची दिली, कपाट उघडून दाखवलं, जावक नोंदवही काढून बोट फिरवलं. नोंद सापडेना. तो भला माणूस आहे. खालच्या आवाजात म्हणाला, “मावशी, माझ्या टेबलाला आलीच नाही ती.” मग मावशी माझ्याकडे वळली. “भाऊ, आता नवो सायब येतलो तेका पुन्ना सगळा पयल्यापासून सांगूक व्हया?”

सांगावंच लागतं. एक अधिकारी गेला की जन्ममृत्यूच्या दाखल्यापासून अतिक्रमणाच्या तक्रारीपर्यंत सगळ्यांची घड्याळं पुन्हा शून्यावर येतात. बदल्यांच्या त्याच २००५ च्या कायद्यात असंही म्हटलं आहे की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. टेबलामागचा माणूसच बदलला की हे सात दिवस कुठून मोजायचे, हा प्रश्न रांगेत उभ्या असलेल्या माणसाने कुणाला विचारायचा? त्यात आता देयकं डिजिटल सहीवर निघतात. नव्या अधिकाऱ्याची सही बँकेत आणि प्रणालीत नोंदवेपर्यंत दिवस जातात, आणि त्याचा पहिला फटका सफाई कामगारांच्या पगाराला बसतो. पदभार कधी दिला, कधी घेतला, मधले दिवस कुणाकडे होते, या बारीक वाटणाऱ्या गोष्टींवर कुणाच्या तरी घरचा वाण्याचा हिशेब अवलंबून असतो.

त्या यादीपायी मी एका सोमवारी अभिलेख पाहायला गेलो. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना कागद पाहता येतात. फार थोड्या लोकांना हे माहीत आहे आणि त्याहून थोडे जातात, म्हणून मुद्दाम सांगतो. मी पदभार हस्तांतरणाची नस्ती मागितली. अर्धा तास शोधाशोध झाल्यावर ती आली. आत एकच टंकलिखित पान होतं. आम्ही खालील सह्या करणारे प्रमाणित करतो की आज रोजी मध्यान्होत्तर मुख्याधिकारी या पदाचा कार्यभार दिला व घेतला. डावीकडे देणाऱ्याची सही, उजवीकडे घेणाऱ्याची, खाली प्रतिलिपी कुणाकुणाला त्याची नावं. सोबत एक जोडपत्र होतं. दालनाच्या कपाटाच्या किल्ल्या, वाहन आणि त्याची नोंदवही, कार्यालयीन मोबाइलचं सिमकार्ड, पदनामाचे रबरी शिक्के. शिक्के किती, त्यांतला एक झिजलेला, हेसुद्धा प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं.

मी ते पान दोनदा वाचलं. झिजलेल्या शिक्क्याची नोंद होती. कोट्यवधी रुपयांची चालू कामं कुठवर आली, कुठल्या न्यायालयात नगरपरिषदेविरुद्ध काय चालू आहे, लेखापरीक्षणातले कोणते आक्षेप अजून निकाली निघाले नाहीत, याबद्दल एक ओळ नव्हती. बायकांच्या यादीबद्दल तर नव्हतीच.

आमच्या वाडीत शिमगा आटोपला की बैठक बसते. जुना खजिनदार पालथी मांडी घालून वही उघडतो आणि वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचतो. वाडीची भांडी, खुर्च्या, ताडपत्री, ढोल, सगळं सगळ्यांसमोर मोजून नव्याच्या ताब्यात जातं. एक परात कमी निघाली तर ती कुणाकडच्या लग्नाला गेली होती याचा छडा लागेपर्यंत बैठक उठत नाही. खजिनदारावर कुणाचा संशय असतो म्हणून हे होत नाही. उलट वही वाचून झाली की तो मोकळा होतो, पुढे वर्षभर त्याच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही. चारशे माणसांची वाडी हे करू शकते तर शहराला ते अवघड का व्हावं?

मुख्याधिकारी बदलला की गावाला दिसली पाहिजे अशी यादी माझ्या डोळ्यांपुढे अगदी स्पष्ट आहे. तिच्यात चालू कामं आणि त्यांची मोजमापं, निविदा उघडल्या पण कार्यादेश दिले नाहीत अशी प्रकरणं, न्यायालयातले दावे, थकीत लेखाआक्षेप, अनधिकृत बांधकामांना दिलेल्या नोटिसा आणि त्यांचं पुढे काय झालं, नागरिकांना लेखी दिलेली आश्वासनं हे सगळं यावं. पण सगळ्यात महत्त्वाचा भाग मला वाटतो तो शेवटच्या महिन्याचा. बदलीची कुणकुण लागल्यापासून पदभार सोडेपर्यंत साहेबांनी कोणत्या देयकांवर, कोणत्या बांधकाम परवानग्यांवर सह्या केल्या.

हे मी संशयाने म्हणत नाही. जाणारा अधिकारी सह्यांचा सपाटा लावतो ते अनेकदा चांगल्या मनाने लावतो. आपल्या हातून सुरू झालेलं काम नव्या माणसाच्या अभ्यासापायी सहा महिने रखडू नये, गरीब ठेकेदाराचं बिल अडकू नये असं त्याला वाटतं. रात्री नऊपर्यंत दालनात दिवा जळताना मी पाहिला आहे आणि त्यातल्या किती तरी सह्या गावाच्या भल्याच्या होत्या. पण किनारपट्टीच्या शहरांत जमिनीला सोन्याचा भाव आहे, सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, रेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर कोट्यवधींचा फरक पडतो, आणि अशा वेळी एखादी सही वेगळ्या कारणानेही होऊ शकते. दोन्ही प्रकारच्या सह्या एकाच घाईत, एकाच शाईने होतात. त्या वेगळ्या ओळखायच्या असतील तर सगळ्यांची यादी उघड करणं हाच मला दिसणारा मार्ग आहे, आणि त्यात चांगल्या अधिकाऱ्याचं काही जात नाही.

यादी नसली की काय होतं याची मोठी किंमत उत्तर कोकणाने मोजली आहे. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर एक-दोन नव्हे, ४१ इमारती उभ्या राहिल्या. त्यांत माणसं राहायला आली, पोरं मोठी झाली. शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीला त्या जमीनदोस्त झाल्या आणि अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. ४१ इमारती एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. त्या उभ्या राहत असताना वसई-विरारचे आयुक्त एकामागून एक आले आणि गेले. ‘आरक्षित जागेवर सध्या इतक्या इमारती’ अशी एक ओळ जाणाऱ्या प्रत्येकाने येणाऱ्याला जाहीरपणे सोपवली असती, तर तिथे घर घेणाऱ्या एखाद्या कुटुंबाने तरी ती वाचली असती. त्याच वर्षी जुलैमध्ये वसई-विरारच्या आयुक्तांचा निरोप समारंभ झाला आणि दुसऱ्याच दिवशी ईडीने छापे घातले. पुढे अटक झाली, आणि नंतर उच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. त्या शहरातल्या सामान्य माणसाला मात्र आपल्या आयुक्तांच्या कारभाराबद्दल जे काही कळलं ते तपासयंत्रणेच्या पत्रकांतून कळलं, महापालिकेकडून नाही. हे मला फार खुपतं.

याच्या उलट उदाहरणही जवळच आहे. नवी मुंबईत तुकाराम मुंढे आयुक्त असताना २५ ऑक्टोबर २०१६ रोजी महासभेत त्यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव आला. महापालिका कायद्यात तशी तरतूद आहे, एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांनी आयुक्ताला परत पाठवता येतं. १०५ विरुद्ध ६ मतांनी ठराव मंजूर झाला. शासनाने तो अमलात येऊ दिला नाही आणि मुंढे पदावर राहिले. मुंढे बरोबर की नगरसेवक, यावर नवी मुंबईत अजून दोन तट पडतात. मला त्यात शिरायचं नाही. महत्त्वाचं हे की त्या दिवशी आक्षेप काय होते ते सभागृहात बोलले गेले, इतिवृत्तात आले, आणि कोण कुठल्या बाजूला उभं राहिलं हे शहराला दिसलं. कडवट होतं, पण उघड्यावर होतं. मार्च २०१७ मध्ये त्यांची पुण्याच्या पीएमपीएमएल या बससेवेला बदली झाली, ती मात्र नेहमीसारख्या आदेशाने. त्याच शहरात त्याच अधिकाऱ्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती काही महिन्यांच्या अंतराने पाहायला मिळाल्या, आणि नागरिक म्हणून मला पहिलीच हवी आहे.

इथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. आमच्या भागात काम करून गेलेल्या एका मॅडमशी मी या विषयावर बोललो. त्या मुदतीआधी गेल्या तेव्हा गावात नाना तऱ्हेच्या वावड्या उठल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, माझ्या वडिलांना डायलिसिस सुरू झालं होतं. मी स्वतः विनंती करून बदली घेतली. हे मी तुमच्या नोटीस बोर्डावर लावायचं का?” नाही लावायचं. कुणाच्या घरचं आजारपण, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या नवऱ्याची नोकरी, हे गावाचं नाही. पण ‘स्वतःच्या विनंतीवरून बदली’ एवढे शब्द जाहीर झाले असते तर वावड्यांना जागाच उरली नसती. मॅडमना हे पटलं. “एवढं झालं असतं तर आईला तरी बाजारात ऐकून घ्यावं लागलं नसतं,” त्या म्हणाल्या. म्हणजे विनंतीवरून, मुदत संपल्याने, निवृत्तीने, पदोन्नतीने, की तक्रारीवरून शासनाने हलवलं, एवढ्या ढोबळ पातळीवर कारण सांगता येतं. त्याखालचा तपशील खाजगी असेल तर तो खाजगीच राहू दे.

माहिती अधिकारात हे मागायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘आठ एक जे’. कलम ८(१)(ञ), वैयक्तिक माहिती. याला आधार आहे सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१२ च्या गिरीश रामचंद्र देशपांडे निकालाचा. कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, नोटिसा, शिक्षा या गोष्टी मुळात तो आणि त्याचा नियोक्ता यांच्यातल्या, व्यापक जनहित दाखवल्याखेरीज त्या देता येणार नाहीत, असं न्यायालय म्हणालं. ऑगस्ट २०१७ मध्ये कॅनरा बँकेच्या प्रकरणात लिपिकवर्गाच्या बदल्यांची माहिती अशीच नाकारली गेली. त्यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या कलमाची वाक्यरचनाच छाटली. पूर्वी त्यातच सार्वजनिक कामकाजाशी संबंध आणि व्यापक जनहित यांचा उल्लेख होता, तो गेला. कलम ८(२) मधली जनहिताची वाट अजून शिल्लक आहे, पण तिथपर्यंत पोहोचायचं तर आधी तालुक्यात अर्ज, मग पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या बेलापूरमधल्या कोकण खंडपीठाकडे दुसरं अपील. सावंतवाडीच्या किंवा मालवणच्या माणसाने बेलापूरच्या किती खेपा घालायच्या?

बँकेतल्या लिपिकाची बदली आणि शहराच्या मुख्याधिकाऱ्याची बदली या दोन गोष्टी एका तराजूत घालणं मला मान्य नाही. लिपिक बदलला म्हणून ठेवीदाराचं खातं बदलत नाही. मुख्याधिकारी बदलला की पाण्याच्या योजनेपासून स्मशानभूमीच्या शेडपर्यंत सगळ्याचा क्रम बदलतो. शिवाय माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ आहे. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना कळवावीत असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. माझा ओटा, माझं नळजोडणीचं प्रकरण, माझ्या घराचा नकाशा ज्याच्या जाण्याने अडला, त्याच्या जाण्याने बाधित झालेला मी नाही तर कोण? आणि पदभाराची यादी तर कुणाची वैयक्तिक माहिती नाहीच. ती पूर्णपणे संस्थेची आहे, तिला ‘आठ एक जे’ लागूच पडत नाही. ती अर्ज न करता प्रसिद्ध व्हावी, कलम ४ चा सगळा उद्देश तोच आहे.

‘नस्ती आढळून येत नाही’ हे दुसरं उत्तर. दिल्ली उच्च न्यायालयाने विश्वास भांबुरकर प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं आहे की फाइल सापडत नाही म्हणून हात झटकता येणार नाहीत, शोध घ्यावा लागेल आणि जबाबदारी निश्चित करावी लागेल. जबाबदारी निश्चित करायची तर फाइल शेवटची कुणाच्या ताब्यात होती ते कळलं पाहिजे, आणि ते पदभाराच्या यादीशिवाय कसं कळणार? निवृत्तीच्या बाबतीत तर वेळ फार थोडा असतो. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या २७ व्या नियमाप्रमाणे निवृत्तीनंतर विभागीय चौकशी सुरू करायची असेल तर ती घटना चार वर्षांच्या आतली असावी लागते. गावाला सगळं पाच वर्षांनी उमगलं तर ती वाट बंद झालेली असते.

प्रशासकांच्या काळात हे सगळं अधिकच टोचलं. २०२१ च्या अखेरीस रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अनेक नगरपरिषदांची मुदत संपली. आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि मतदान व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. मधली जवळपास चार वर्षं सभागृहात नगरसेवकांच्या खुर्च्या होत्या, नगरसेवक नव्हते. बऱ्याच ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. विषय मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच, अंमल करणारेही तेच. पूर्वी साहेब गेले तरी निदान पंचवीस-तीस माणसांना ठराव कसा झाला ते आठवत असायचं. विरोधी बाकावरचा एखादा खवचट सदस्य जुनी इतिवृत्तं घरी बांधून ठेवायचा. त्या चार वर्षांत अधिकारी गेला की ठरावामागचं सगळं बोलणं त्याच्याबरोबर गेलं, कारण ते दुसऱ्या कुणाच्या कानावर पडलेलंच नव्हतं.

आपल्याच पट्ट्यात वेगळंही घडलं आहे. रामदास कोकरे वेंगुर्ल्याचे मुख्याधिकारी असताना तिथला कचरा डेपो लोक लांबून बघायला येऊ लागले. कचरा घरोघरी वेगळा करून घ्यायचा, ओल्यातून बायोगॅस, प्लॅस्टिक दळून डांबरी रस्त्यासाठी. कोकरे आधी दापोलीला होते, नंतर कर्जत-माथेरानकडे गेले. ते गेल्यावरही वेंगुर्ल्याचा डेपो चालत राहिला, याचं कारण मला तरी असं दिसतं की काय चाललं आहे आणि कसं चाललं आहे हे कामगारांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एका कपाटात, एका डोक्यात काहीच अडकलेलं नव्हतं. नव्या अधिकाऱ्याला ते मोडायचं झालं असतं तर गावासमोर मोडावं लागलं असतं.

आता लोकांमधून निवडून आलेले नगराध्यक्ष आहेत, सभा भरू लागल्या आहेत. आमच्या नगराध्यक्षांकडे मी लेखी अर्ज दिला आहे. सर्वसाधारण सभेने ठराव करावा की यापुढे मुख्याधिकारी आणि विभागप्रमुख यांनी पदभार सोडताना प्रलंबित बाबींची यादी, शेवटच्या महिन्यातल्या देयकांच्या आणि परवानग्यांच्या यादीसह, द्यावी आणि ती पंधरा दिवस नोटीस बोर्डावर व कायम संकेतस्थळावर ठेवावी. बदली कुठल्या प्रकारची, एवढी एक ओळ वर असावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, शासनाचा पैसा लागत नाही. आस्थापना लिपिकाने अर्ज वाचून विचारलं, “भाऊ, यादी कोण करणार? माणसं कुठे आहेत?” त्याचा प्रश्न रास्त आहे. निम्मी पदं रिक्त आहेत, एकाच माणसाकडे तीन टेबलं आहेत. म्हणून मी पुरवणी जोडली, की ही यादी दर तीन महिन्यांनी अद्ययावत होत राहावी, म्हणजे बदलीच्या दिवशी रात्र जागवावी लागणार नाही.

अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे. मासळी बाजारातल्या बायकांनीही त्यावर सह्या आणि अंगठे दिले आहेत, आणि या वेळी त्याची शिक्का मारलेली पोच प्रत्येकीने आपल्याकडे ठेवली आहे. विषयपत्रिका सभेच्या आधी बोर्डावर लागते. विषय आला तर आम्ही प्रेक्षागृहात बसून चर्चा ऐकू. आला नाही तर का आला नाही, ते लेखी विचारू.